डोंगरापलीकडं ऐकू जाणारा सेट

आमच्या घरात मार हा बोलण्याचाच एक भाग होता. वडील ज्या काठीनं मेंढरं हाकायचे त्याच काठीनं आम्हा दोघा भावांनाही हाकायचे, आणि थोरला मोठा झाल्यावर ती काठी त्यानं त्यांच्या हातातून काढून घेतली. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. एकदा लांडगा दिसला म्हणून मी कोकरू टाकून पळालो, तर त्यानं मला बाभळीला बांधून झोडपलं. त्याच संध्याकाळी माझ्या पाठीला तेल चोळताना तो रडत होता. मेंढरांमागं आयुष्य काढायचं नाही, हे मी त्या बाभळीपाशीच ठरवलं.

दहावीनंतर मी हिंगोलीला राहून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि नव्वदचं दशक निम्मं सरलं असताना औंढ्याला, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या एका बोळात दुकान टाकलं. यात्रेकरूंचे रेडिओ, बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर, गावागावांतले टेप माझ्याकडं यायचे. दादा मात्र मेंढरांसोबतच राहिला. औंढा आणि पुसेगावच्या मधल्या डोंगराळ माळावर त्याचा तळ असायचा. सोबत वहिनी असायची. त्यांची दोन्ही लेकरं गावात आईजवळ शिकत होती. डोंगराच्या धारेपलीकडं, दीडेक कोसावर, आमच्या दोघा चुलतभावांचा तळ होता.

त्या उन्हाळ्यात माळावर मेंढ्यांच्या चोऱ्या सुरू झाल्या. चोर टेम्पो घेऊन भरदुपारी यायचे, कारण दुपारी बाप्ये पाण्याला नाहीतर बाजाराला गेलेले असतात. दादाच्या तळावर ते आले तेव्हा दादा मेंढ्यांच्या औषधासाठी पुसेगावला गेला होता. चौघं होते. कुत्रं अंगावर गेलं, त्याचं डोकं त्यांनी लोखंडी गजानं फोडलं. वहिनीनं एकाच्या शर्टाला धरलं आणि सोडेना, तेव्हा त्यानं तोच गज तिच्या डाव्या हातावर घातला. हाड दोन ठिकाणी मोडलं. ती खाली पडली तरी ओरडत होती. त्यांनी तिच्यासमोर मेंढरं टेम्पोत टाकली, पाय धरून, पोती फेकावीत तशी. ती घसा फाटेपर्यंत ओरडली. धारेपलीकडं चुलतभाऊ झाडाखाली बसून भाकरी खात होते. त्यांना काहीसुद्धा ऐकू गेलं नाही.

चार दिवसांनी दादा तिला घेऊन माझ्या दुकानात आला. तिचा हात प्लास्टरमध्ये होता, ओठ सुजलेले होते. दादा बाकड्यावर बसला नाही.

"लहान्या, तुझ्याकडं ते पोलिसासारखं बोलायचं मशीन हाय म्हणं."

होतं. कालव्याच्या कामावरच्या एका ठेकेदाराचा कॅम्प उठला, तेव्हा त्याच्या गाड्यांमधले पाच वायरलेस सेट भंगारवाल्याकडं आले होते. सीबी सेट म्हणतात त्यांना. आडव्या डब्यासारखा सेट, वेटोळ्याच्या वायरीचा माईक, माईकच्या बाजूला बटण. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. मी ते सुट्या भागांसाठी घेतले होते.

"त्येला परवाना लागतो, दादा."

"चोरानं काढलाय का परवाना?"

वहिनी पहिल्यांदा बोलली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते. "भावजी, मी लई वरडले. कुणाला ऐकूच गेलं न्हाई." एवढंच बोलून तिनं पदर तोंडावर घेतला.

पाचांतले तीन सेट मी आठवडाभरात चालू केले. ऐकायला ते चांगले होते, पण बोलायला दुबळे. अशा सेटमध्ये शेवटी एक ट्रान्झिस्टर असतो, त्याला आम्ही फायनल म्हणतो. आवाजाला हवेत ढकलायचं काम त्याचं. ठेकेदाराच्या माणसांनी तुटक्या एरियलवर सेट चालवून ते फायनल अर्धमेले करून ठेवले होते. एरियलच्या जागी बारा व्होल्टचा लहान बल्ब लावून मी तपासायचो. सेट तगडा असेल तर माईकचं बटण दाबल्यावर बल्ब झगझगीत पेटतो. माझे बल्ब नुसती तांबूस तार दाखवून गप्प बसत.

तरी दादा घाई करत होता म्हणून मी दोन सेट दिले. दुसऱ्या दिवशी तो परत आला. काखेतला सेट त्यानं काऊंटरवर ठेवला आणि दोन गिऱ्हाइकांसमोर माझ्या कानाखाली वाजवली.

"धारेच्या पल्याड काई ऐकू येत न्हाई. तू तिला खेळणं दिलंस काय?"

माझ्या हातात तापलेलं सोल्डर आयर्न होतं. मी ते त्याच्या मनगटाला टेकवलं. चर्र झालं, कातडी जळाल्याचा वास आला. गिऱ्हाइकं बाहेर पळाली. दादानं मनगटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की त्याला मी आवडलो.

"आता जमंल तुला," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी नांदेडला जाऊन नवीन ट्रान्झिस्टर आणले. सेटमध्ये मूळ होते त्याहून तगडे. पहिला बसवला आणि पहिल्याच मिनिटाला जाळला, कारण ट्रान्झिस्टर आणि डब्याच्या पत्र्यामधला, वीज अडवणारा अभ्रकाचा पापुद्रा फाटलेला माझ्या लक्षात आला नव्हता. दुसरा बसवला, तरी बल्ब तांबूसच. दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की फायनलच्या आधीचा, त्याला जोर देणारा लहान ट्रान्झिस्टरच थकलेला आहे. तो बदलला, कॉईलमधले स्क्रू प्लास्टिकच्या काडीनं केसाकेसानं फिरवत बसलो, आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बटण दाबताच बल्ब पांढरा होऊन फुटला. बांबूला तांब्याची तार मापून बांधली आणि त्याचं एरियल केलं. सेट चालवायला ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या मिळवल्या.

तिथं मी थांबायला हवं होतं. पण दादाची थप्पड अजून कानात होती. सेटमध्ये आणखी एक लहानसं सर्किट असतं. बोलणाऱ्याचा आवाज फार चढला की ते त्याला दाबून धरतं, म्हणजे पलीकडं आवाज फाटत नाही. दुरुस्तीवाले ते तोडतात हे मी शिकाऊ असताना ऐकलं होतं. एका ट्रान्झिस्टरचा एक पाय कापला की झालं. आवाज खरखरीत होतो, पण धडक मारत जातो. मी तिन्ही सेटचे ते पाय कापले.

एक सेट दादाच्या तळावर, एक चुलतभावांकडं, एक माझ्या दुकानात. माझ्या गच्चीवरचं एरियल उंच होतं, त्यामुळं मलाही दोन्ही तळ ऐकू येत. चुलतभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला, "वैनी बोलली तरी भांडून राहिली असं वाटतंय." आम्ही हसलो. दादाही हसला.

सगळ्यांत चांगली बोलायची वहिनी. दादा माईक हातात घेतला की अवघडायचा, चुलतभाऊ ओरडायचे. ती उजव्या हातानं माईक धरून, जवळ कुणीतरी बसलंय अशी बोलायची. "भावजी, ऐकू येऊन राहिलं का? आज हितं लई वारं हाय." प्लास्टर निघालं तरी तिचा डावा हात कोपरापाशी वाकडाच राहिला, त्या हातानं तिला दूध काढता येईना. पण तिची भीती गेली. दादा चार-चार तास तळ सोडून जायला लागला, तरी ती त्याला अडवत नसे.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. मी एका बँडवाल्याचा भोंगा उघडून बसलो होतो. दादा त्या दिवशी धारेपलीकडं चुलतभावांच्या तळावर गेला होता, मेंढ्यांची लोकर कातरायला. सेट खरखरला.

"भावजी. आले. टेम्पो आलाय." वहिनीचा आवाज. मग बटण तिनं सोडलंच नाही. ती बटण दाबून असेपर्यंत आम्हाला कुणालाच तिच्याशी बोलता येत नव्हतं. आम्ही फक्त ऐकत होतो, मी औंढ्यात आणि दादा धारेपलीकडं. धापा, मेंढरांचं बेंबटणं, पुरुषांच्या शिव्या, सगळं त्या कापलेल्या पायातून फाटून, ओरबाडून येत होतं. मग ती किंचाळली. "मारलं! मारलं रे मारलं!" आणि त्या शब्दावरच सेट मुका झाला.

मी बटण दाबून हाका मारल्या. काही नाही. दुकान उघडंच टाकून मी मोपेड काढली.

त्या पाऊण तासाच्या रस्त्यात माझ्या मनात काय होतं ते मला अजून स्पष्ट आठवतं. भीती नव्हती. मी मोठ्यानं शिव्या देत होतो आणि कुणाला तरी मारायला मिळावं म्हणून मोपेड पिळत होतो. इतकी वर्षं मी स्वतःला घरातला वेगळा समजत होतो, काठीला हात न लावणारा. तो समज औंढ्याची वेस ओलांडायच्या आत गळून पडला.

तळाच्या अलीकडं एक कोरडा नाला आहे. टेम्पो त्यात रुतला होता, मागं मेंढरं भरलेली. तिघं चोर पळून गेले होते. चौथा, ड्रायव्हर, त्याचं दार दगडाला अडकलं म्हणून आत राहिला होता. त्याला काचेतून बाहेर ओढलं होतं. दादा कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं त्याला मारत होता. एक शब्द न बोलता, लाकूड फोडताना माणूस श्वास सोडतो तसा श्वास सोडत. दोघं चुलतभाऊ काठ्यांनी मारत होते, आणि मध्येच एक जण थांबून रडत होता. "वैनीला मारलं ह्येनी, वैनीला मारलं."

ड्रायव्हर तिशीचा असेल. चौकटीचा शर्ट, एकाच पायात चप्पल. कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्त. धोतर आणि घोंगड्यांच्या मध्ये माझा पँट-शर्ट बघून त्याला मी कुणी अधिकारी वाटलो असणार. तो कोपरांवर सरपटत आला आणि त्यानं माझे पाय धरले.

"साहेब, मले मारू नका जी. मी डायवर आहो. मले भाड्यानं आणलं त्यायनं."

पैनगंगेपलीकडची बोली होती. मी विचारलं, "बाई कुठाय?"

"कोन बाई, साहेब?"

त्याला खरंच कळलं नव्हतं, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला ते उडवाउडवीचं वाटलं. मी एक पाय सोडवून घेतला आणि त्याच्या पोटात लाथ घातली. पायात टाचेचे जाड बूट होते. तो गोळा झाला. मी दुसरी लाथ घातली, त्याच जागी, पहिलीपेक्षा नीट नेम धरून.

तेवढ्यात एक चुलतभाऊ नुसता "आरं, आरं" करायला लागला. चढावरून वहिनी पळत येत होती. पदर कमरेला खोचलेला, वाकडा हात छातीशी धरलेला. धडधाकट. नाल्याच्या काठावर ती थांबली.

दादाची कुऱ्हाड हातात तशीच राहिली. 

"तू मेली न्हाईस?"

"मी काहून मरू?" ती म्हणाली. "एडका मेला. टेम्पोत टाकताना मान मोडून मारला त्येनी. मी डोंगरात लपाया पळाले तवा बॅटरीची वायर निघाली." मग तिनं खाली बघितलं. काठावरून उतरली, त्या माणसाजवळ बसली, त्याच्या तोंडावरचं रक्त पदरानं पुसून चेहरा बघितला. "ह्यो न्हवता. मागल्या बारीला ह्यो न्हवता. काय करून ठेवलं हे तुमी?"

 माणूस अजून श्वास घेत होता. तिनं आम्हाला कामाला लावलं. मेंढरं उतरवली, टेम्पो ढकलून नाल्याबाहेर काढला. एका चुलतभावाला ट्रॅक्टर चालवता यायचा, त्यानं टेम्पो हिंगोलीच्या रस्त्याला लावला. मागं मोकळ्या टेम्पोत वहिनी त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दादा तिच्यासमोर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. मी मोपेडवर मागून गेलो. खड्डा आला की तो माणूस कण्हायचा, ते मला मोपेडच्या आवाजातही ऐकू यायचं.

दवाखान्यात तो चौथ्या दिवशी मेला.

दादाला आणि चुलतभावांना आधीच अटक झाली होती. माझा जबाब एका जमादारानं लिहून घेतला. त्यानं विचारलं, "तुम्ही पोचलात तेव्हा काय चाललं होतं?"

"माझ्या आधीच सगळं झालं होतं," मी म्हणालो.

त्यानं ते तसंच लिहिलं. सेट जप्त झाले. विनापरवाना सेट ठेवल्याबद्दल माझ्यावर वेगळा खटला झाला आणि मी त्यात दंड भरून सुटलो. माझ्या नावावरचा गुन्हा तेवढाच.

खुनाचा खटला दीड वर्षानं उभा राहिला. डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की डोक्याला मार होता, पण त्या मारानं तो कदाचित वाचला असता. मृत्यू पोटातल्या रक्तस्रावानं झाला. पोटावर बोथट, जोराचा आघात. वकिलानं विचारलं, कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं असा आघात होऊ शकतो का? डॉक्टर म्हणाले, होऊ शकतो. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. मी दोन्ही पाय बाकाखाली असे ओढून घेतले की शेजारच्या माणसानं विचारलं, तकलीफ होतेय का. मी नाही म्हटलं.

दादाच्या वकिलानं वहिनीला पढवून ठेवलं होतं. तिनं फक्त एवढंच म्हणायचं, की पहिल्या वेळी माझा हात मोडणारा माणूस हाच. म्हणजे नवऱ्याचा राग कोर्टाला समजेल आणि शिक्षा कमी होईल. ती पिंजऱ्यात उभी राहिली. वकिलानं फोटो दाखवून विचारलं.

"ह्यो न्हवता," ती म्हणाली.

वकिलानं तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला.

"साहेब, माझा हात मोडनाऱ्याचं तोंड मला झोपेत बी दिसतंय. ह्यो तो न्हवता. ह्या मानसानं मला बोट बी लावलं न्हाई."

दादा खाली मान घालून उभा होता. ती पिंजऱ्यातून उतरताना त्यानं एकदा वर बघितलं, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. खून नाही पण सदोष मनुष्यवध, असा निकाल लागला. दादाला काही वर्षांची सक्तमजुरी झाली, चुलतभावांना त्याहून कमी.

त्या सगळ्या काळात वकील, पोलीस, न्यायाधीश, कुणीही मला विचारलं नाही की वहिनीचा आवाज एवढा भयानक का ऐकू आला. एडका मेला म्हणून बाई ओरडली, तर दोन ठिकाणच्या चार माणसांना ती स्वतः मेली असं का वाटलं. ते फक्त मला माहीत होतं. मी एक पाय कापला होता, म्हणून.

आणखी एक गोष्ट सुरू झाली, तिची मला कल्पना नव्हती. माळावरचे दुसरे मेंढरंवाले दुकानात यायला लागले. "आमाला बी तसाच सेट करून दे. मानूस तोडल्यावानी आवाज येतो म्हणं." एका म्हाताऱ्यानं तर चोर कसा मेला ते मला मिटक्या मारत सांगितलं, मी तिथं नव्हतोच अशा थाटात. मी नाही म्हटलं. एक जण ऐकेना, वाद वाढला आणि त्यानं माझ्या काऊंटरची काच कोपरानं फोडली. मी त्याची कॉलर धरून त्याला बोळात ढकललं, आणि त्याच्या पोटाकडं माझा पाय उचलला गेला. तो हवेत असतानाच मला भान आलं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि आतून कडी लावून बसलो. त्यानंतर कित्येक महिने मी चपलाच वापरल्या.

मेंढरं वहिनीनं एकटीनं सांभाळली. निम्मी विकली, निम्मी राखली. एकदा ती आली आणि म्हणाली, "भावजी, ते उरलेले दोन सेट असतील तर एक मला आन एक धारेपल्याडच्या जाऊबाईला करून द्या."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "वहिनी, एवढं सगळं झाल्यावर?"

"तवा एक तरी मानूस माझ्यासाठी पळत आलं," ती म्हणाली. "आमी दोघी दोन डोंगराला एकट्या हाव. तुमी काय ते आवाजाचं बिघडवलं होतं ते बराबर करा, पर सेट द्या."

म्हणजे तिला कळलेलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. मी दोन्ही सेट केले. परवान्याचा विचार मी याही वेळी बाजूला ठेवला. फायनल बदलले, एरियल नीट मापून दिलं, आणि दाबून धरणाऱ्या सर्किटला हात लावला नाही. तिचा आवाज आता जसा होता तसा येऊ लागला, बारीक आणि थकलेला.

पोटातल्या माराचं मात्र मी तिला सांगितलं नाही. दादाला सांगायचं ठरवलं. जेलमध्ये भेटीला जाळी असते, दोन्हीकडून माणसं ओरडत असतात. एकमेकांचं ऐकू यायला जाळीला तोंड लावावं लागतं. मी तोंड लावून म्हणालो, "दादा, तो कुऱ्हाडीनं मेला नाही. मी लाथा मारल्या होत्या. पोटात."

"बघितलं की मी," तो म्हणाला.

मी तोंड जाळीपासून मागं घेतलं.

"समोरच तर हुतो. दोन मारल्यास." त्याच्या मनगटावर मी दिलेल्या डागाचा पांढरा वण दिसत होता. "तू आत आला असतास तर लेकरांकडं कोन बघितलं असतं? म्या सांगितलं न्हाई. तू बी गप ऱ्हा. आन मी त्येला काय फुलानं मारत न्हवतो."

मी गप्प राहिलो. त्यानं सांगितलं म्हणून नाही, मला ते सोयीचं होतं म्हणून. दादाच्या लेकरांची फी भरली, कपडे केले, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं की हे त्या गप्प राहण्याचं मोल आहे. ते खोटं होतं. माझं दुकान वाढलं, माझं लग्न झालं.

दादा सुटून आला तोपर्यंत नव्या शतकाची तीन-चार वर्षं गेली होती. औंढ्यात मोबाईलचा टॉवर उभा राहिला होता आणि मी मोबाईल दुरुस्ती शिकून घेत होतो. दादा एकदम म्हातारा दिसायला लागला होता. मेंढरांपाशी गेला, पण काठी हातात घेईना, नुसता तोंडानं हाकायचा. महिनाभरानं तो दुकानात आला आणि बाकड्यावर बसला.

"मला त्या मानसाच्या घरी जायचंय. वाट ठावं हाय का तुला?"

पत्ता खटल्याच्या कागदात होता. मी म्हणालो, मीही येतो.

पैनगंगा ओलांडून, दोन बस बदलून आम्ही त्या गावात पोचलो. घर पत्र्याचं होतं, दारात शिलाई मशीन. त्याची बायको मशीनवर बसली होती. आम्ही कोण ते दादानं दारातच सांगितलं, काही न लपवता. तिनं मशीन थांबवलं. ती आम्हाला हाकलून देईल असं वाटून मी मागं सरलो, पण तिनं आत यायला सांगितलं. दादा आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर मातीत बसला.

"मी मारलं," तो म्हणाला. "माझी बायको मेली असं वाटलं मला."

तिनं मशीनवरचं कापड ओढून हातात घेतलं. मग मला बोलावं लागलं. मी उभाच होतो. "त्यांचा जीव माझ्या लाथांनी गेला. पोटातल्या मारानं. मी कोर्टात सांगितलं नाही."

दादानं माझ्याकडं झटकन वळून बघितलं. बाईनं मात्र बघितलं नाही. ती मशीनवरच्या कापडाची घडी करत होती. ती चौपट केली, उलगडली, परत केली. मग विचारलं, "तो काही म्हणे का तेव्हा?"

मला खोटं सांगता आलं असतं. घरच्यांची नावं घेत होता, असं काहीतरी. तिला ते बरं वाटलं असतं का, मला माहीत नाही.

"म्हणाले, मले मारू नका. मी डायवर आहो, भाड्यानं आणलं मले."

"मंग?"

"मग मी मारलं."

तिनं मान हलवली, खूप वेळ. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. नंतर ती म्हणाली, "खरंच भाड्यानं गेला होता. मले सांगूनच गेला होता." आणि थोड्या वेळानं, "आता जा तुम्ही. पोरगी शाळेतून यायची वेळ झाली. तिले तुम्ही दिसाले नाही पायजे."

आम्ही निघालो. बसथांब्यापर्यंत दादा पुढं चालत राहिला. तिथं पिंपळाखाली बसून त्यानं तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही, तशीच हातात धरून राहिला.

"काहून सांगितलंस?" त्यानं विचारलं. "मी सगळं भोगून आलो की."

"तू तुझं भोगलंस, दादा."

त्याचा हात उचलला गेला. लहानपणापासून ओळखीचा, तोच झटका खांद्यातून सुरू झालेला मला दिसला आणि मी डोळे मिटले. काही लागलं नाही. डोळे उघडले तर त्याचा हात माझ्या मानेवर होता, मेंढराला धरावं तसा घट्ट. तंबाखू खाली सांडली होती. बस येईपर्यंत त्यानं हात काढला नाही.